विवाहप्रथा, आर्थिक स्थिती आणि जननदर

मागील घटकात आपण जन्मदर आणि मृत्युदर या मोजमापांची ओळख करून घेतली. प्रस्तुत घटकात जननदराकडे वळावयाचे आहे. लोकसंख्येविषयीच्या नेहमीच्या चर्चेत एक समीकरण गृहीत धरलेले असते : लग्न लवकर झाले की मुले अधिक, उशिरा झाले की कमी. हे समीकरण चुकीचे नाही. पण अपुरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) दोन राज्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पश्चिम बंगालमध्ये २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ४१.६ टक्के स्त्रियांचे लग्न वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. बिहारमध्ये हे प्रमाण ४०.८ टक्के होते. म्हणजे दोन्ही राज्ये जवळजवळ एकाच पायरीवर उभी आहेत. एकूण जननदर मात्र पश्चिम बंगालमध्ये १.६ आणि बिहारमध्ये ३.० इतका होता.

एकूण जननदर म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करून घेऊ. एखाद्या वर्षी निरनिराळ्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात अपत्ये झाली, त्याच प्रमाणात एका स्त्रीला १५ ते ४९ या वयात अपत्ये होत गेली, तर तिला एकूण किती अपत्ये होतील, हे तो आकडा सांगतो. तो २.१ च्या आसपास असला, तर एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा भरून काढते. या पातळीला प्रतिस्थापन पातळी असे म्हणतात. बंगाल या पातळीच्या बराच खाली आहे, बिहार बराच वर. लग्नाच्या वयात फारसा फरक नसताना हे अंतर कोठून आले?

दोन दारे

किंग्जले डेव्हिस आणि ज्युडिथ ब्लेक या समाजशास्त्रज्ञांनी १९५६ साली एक साधा पण महत्त्वाचा मुद्दा मांडला. गरिबी, शिक्षण, धर्म, जात, शेतीची पद्धत यांपैकी कोणतीही गोष्ट थेट मूल जन्माला घालत नाही किंवा थांबवत नाही. तिचा परिणाम काही ठरावीक टप्प्यांतूनच घडू शकतो : स्त्री-पुरुष एकत्र येतात की नाही व केव्हा, गर्भधारणा होते की नाही, आणि गर्भ जन्मापर्यंत पोहोचतो की नाही. पुढे १९७८ साली जॉन बोंगार्ट्स यांनी या टप्प्यांतील मोजके घटक निवडून त्यांचे मोजमाप करण्याची रीत बसवली. विवाह, संततिनियमन, गर्भपात आणि बाळंतपणानंतरचा, विशेषतः अंगावर पाजण्याच्या काळातील, गर्भधारणा न होण्याचा काळ हे ते घटक होत.

आपल्या विवेचनापुरती आपण या घटकांची दोन दारे कल्पू. कालव्याचे पाणी शेतापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याला मुख्य दार आणि पोटदार अशी दोन दारे ओलांडावी लागतात, तसे हे आहे. पहिले दार विवाहाचे : लग्न कोण करतो, कोणत्या वयात करतो, ते किती काळ टिकते आणि वैधव्य आल्यास पुन्हा लग्न करता येते की नाही. दुसरे दार विवाहाच्या आतले : लग्नानंतर दोन बाळंतपणांत किती अंतर पडते आणि किती अपत्यांनंतर जोडपे थांबते. आर्थिक स्थिती या दोन्ही दारांवर जोर देत असते. कोणते दार हलेल, हे मात्र पुष्कळदा त्या समाजाची प्रथा ठरवते. या विधानाची परीक्षा आता एका परक्या आणि एका परिचित समाजाच्या आधारे करू.

इंग्लंड : लग्नासाठी थांबणारा समाज

जॉन हजनल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात युरोपच्या नकाशावर एक रेषा कल्पिली. ही रेषा सेंट पीटर्सबर्गपासून ट्रिएस्टपर्यंत जाते. तिच्या पश्चिमेकडील समाजांत स्त्रिया उशिरा लग्न करीत आणि बऱ्याच स्त्रिया आयुष्यभर अविवाहित राहत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात स्त्रीच्या पहिल्या लग्नाचे सरासरी वय २६ च्या आसपास होते. आपल्याकडील त्याच काळाची कल्पना केल्यास हा आकडा विलक्षण वाटतो.

याचे कारण तेथील घराच्या रचनेत आहे. इंग्लंडमध्ये नवविवाहित जोडप्याने स्वतःची वेगळी चूल मांडावी, ही अपेक्षा होती. चूल मांडायची तर भांडी, अंथरूण, जनावर, थोडीफार जमीन किंवा धंद्याची साधने हवीत. ती जमवण्यासाठी शेतकऱ्यांची व कारागिरांची मुलेमुली किशोरवयातच दुसऱ्यांच्या घरी राहून चाकरी करीत आणि दहा-बारा वर्षे पैसा साठवीत. पैसा साठला की लग्न, नाही तर थांबणे. विवाहाबाहेरील जन्मांचे प्रमाणही कमी असल्याने लग्न लांबणे म्हणजे अपत्ये लांबणे, असाच अर्थ होता. दुसरे दार जवळजवळ उघडेच होते. लग्नानंतर अपत्यसंख्या हेतुपूर्वक रोखण्याची रीत फारशी नव्हती. सगळे नियंत्रण पहिल्या दाराशी होते.

ई. ए. रिग्ली आणि आर. एस. स्कोफील्ड यांनी ४०४ धर्मग्रामांमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांच्या आधारे इंग्लंडच्या लोकसंख्येचा १५४१ ते १८७१ या काळातील इतिहास १९८१ साली सिद्ध केला. (या नोंदी उतरवून काढण्याचे चिकाटीचे काम पुष्कळ अंशी स्थानिक इतिहासाची आवड असलेल्या हौशी लोकांनी केले, ही गोष्ट दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.) त्यातून दिसले ते असे : अठराव्या शतकात रोजगार वाढला, चाकरीशिवाय मजुरीवर पोट भरणे शक्य झाले, तसे लग्नाचे वय दोन-तीन वर्षांनी खाली आले आणि अविवाहित राहणाऱ्यांचे प्रमाण घटले. १७०१ मध्ये सुमारे ५० लाख असलेली लोकसंख्या १८०१ पर्यंत सुमारे ८७ लाखांवर गेली. या वाढीत मृत्युदर घटल्याचा वाटा होताच. पण जननदर वाढल्याचा वाटा त्याहून मोठा होता. दोन-तीन वर्षांचा फरक लहान भासतो. तथापि विशीतील ही वर्षे स्त्रीच्या जननक्षमतेची सर्वांत भरीची वर्षे असतात.

थॉमस माल्थस यांनी १७९८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आणि विशेषतः १८०३ च्या सुधारित आवृत्तीत लग्न लांबवण्याला लोकसंख्येवरील प्रतिबंधक उपाय म्हटले, ते हा समाज डोळ्यांसमोर ठेवून. त्यांचे स्वतःचे लग्न १८०४ साली, अडतिसाव्या वर्षी झाले. पुढे ते हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात शिकवीत असत. हिंदुस्थानात येणारे कित्येक गोरे अधिकारी त्यांच्याच वर्गातून आले होते. या अधिकाऱ्यांना येथे जे दिसले, ते गुरुजींच्या चौकटीत बसणारे नव्हते.

महाराष्ट्र : उघडे पहिले दार आणि त्यामागची कुलपे

आपल्याकडे नववधू नवे घर मांडत नसे. ती चालत्या घरात येत असे. सासूची चूल पेटलेलीच असे. नवऱ्याने आधी कमावते व्हावे अशी अट नव्हती, कारण जमीन आणि धान्य कुटुंबाचे होते. साहजिकच बाजारभाव किंवा मजुरी यांच्या चढउतारावर लग्नाचे वय हलत नव्हते. दुष्काळात लग्ने पुढे ढकलली जात. सिंहस्थात लग्न करू नये अशी समजूत असल्याने तेवढा काळ ती थांबत. पण हा खंड महिन्यांचा किंवा वर्षभराचा असे, दहा वर्षांचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात मुलीच्या लग्नाचे सरासरी वय तेराच्या आसपास होते आणि अविवाहित राहणारी स्त्री अपवादानेच आढळे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे वय दहावरून बारा वर्षे केले, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले, हे आपण सामाजिक इतिहासाच्या अभ्यासपत्रिकेत वाचले असेल. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली.

इतक्या लवकर आणि इतक्या सार्वत्रिक विवाहाच्या समाजात प्रत्येक स्त्रीला दहा-बारा अपत्ये व्हावीत अशी अपेक्षा कोणी केली, तर ती स्वाभाविक ठरेल. प्रत्यक्षात वसाहतकालीन भारतातील एकूण जननदर सहाच्या आसपास होता. उरलेली अपत्ये गेली कोठे?

याचे एक उत्तर फार कठोर आहे : वैधव्य. वधूवरांच्या वयात मोठे अंतर, अकाली मृत्यूंचे प्रचंड प्रमाण आणि उच्चवर्णीयांतील पुनर्विवाहाची बंदी यांमुळे असंख्य स्त्रियांचे जननक्षम आयुष्य विशीतच, कधी त्याही आधी, संपुष्टात येई. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. हे सारे आपण सुधारणेचा इतिहास म्हणून वाचतो. लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास ती जननदर खाली ठेवणाऱ्या एका क्रूर यंत्रणेची कागदपत्रेही आहेत. ज्या जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची चाल होती, तेथे विधवेला पुन्हा संसार करता येई आणि ही यंत्रणा सैल पडे. वरच्या जातींचे अनुकरण करताना काही जातींनी पाटाची चाल सोडली. प्रतिष्ठेची ही किंमत त्या जातींतील स्त्रियांनी मोजली.

दुसरी उत्तरे इतकी ठसठशीत नाहीत, पण त्यांचाही परिणाम घडत होता. मूल दोन-अडीच वर्षे अंगावर पीत असे. बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाई आणि काही महिने तेथेच राही. सून घरात आली, नातवंड झाले, की सासूने पुन्हा बाळंत होणे लाजिरवाणे मानले जाई. लवकर लग्न झालेल्या घरात स्त्री पस्तिशी-चाळिशीत सासू होत असल्याने हा संकेत तिच्या जननकाळाची शेवटची वर्षे कापून टाकीत असे. कोकणात याला आणखी एक कारण जोडले गेले. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि बायको गावी, असे संसार पिढ्यान् पिढ्या चालले. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, यावरून त्या स्थलांतराची खोली कळते.

म्हणजे इंग्लंडचे पहिले दार निम्मे बंद होते, तर आपले सताड उघडे. पण त्या उघड्या दारामागे प्रथेने अनेक लहानमोठी कुलपे लावून ठेवलेली होती. प्रथा म्हणजे नुसती बहुप्रसवतेची बाजू घेणारी शक्ती, असा सरसकट समज करून घेऊ नये.

एकच दुष्काळ, दोन परिणाम

प्रथा आणि अर्थस्थिती यांचे परस्परसंबंध किती गुंतागुंतीचे असतात, याचा एक चांगला दाखला अलीकडच्या संशोधनातून मिळतो. ल्युसिया कॉर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेसांद्रा व्होएना या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० साली सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि भारत यांची तुलना प्रसिद्ध केली. दुष्काळाने पिके गेल्यावर मुलींची लग्ने लवकर होतात की उशिरा, हा त्यांचा प्रश्न होता. आफ्रिकेत ती लवकर होतात असे दिसले. भारतात उलट, ती लांबतात. घरावर कोसळलेले संकट एकच. पण आफ्रिकेतील त्या समाजांत वरपक्ष वधूच्या बापाला द्रव्य देतो आणि भारतात बहुसंख्य ठिकाणी वधूचा बाप हुंडा देतो. जेथे मुलीच्या लग्नाने घरात पैसा येतो, तेथे अडचणीतला बाप लग्नाची घाई करतो. जेथे पैसा जातो, तेथे तो हात आखडता घेतो. आपल्याकडील काही आदिवासी समाजांत देज देण्याची चाल आहे, म्हणजे एकाच राज्यात दोन्ही दिशांचे व्यवहार आढळतात.

तथापि ‘भारतात संकटामुळे लग्न लांबते’ असा नियम पाठ करून चालणार नाही. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांकडे पाहावे. साखर कारखान्याचा मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती एकट्या माणसाला नव्हे, तर जोडीला. नवराबायकोची ही जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. एकट्याचा अर्धा कोयता. अविवाहित मुलाला पूर्ण उचल हवी असेल, तर त्याला बायको हवी. दुसरीकडे आईबाप दिवाळीच्या सुमारास चार-सहा महिन्यांसाठी फडावर जाणार, तर वयात येणारी मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतोच. येथे हुंड्याची प्रथा असूनही मजुरीची पद्धत लग्नाचे वय खाली खेचते. बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. संपूर्ण महाराष्ट्राचे प्रमाण २१.९ टक्के होते. बालविवाहाला केवळ अज्ञानाचे फळ म्हणणाऱ्यांनी उचलीचा हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तो करणारे लोक अडाणी असोत वा नसोत, हिशेब चुकीचा नाही. त्याची फेड मात्र हिशेबात न विचारलेल्या मुलीला करावी लागते.

आतले दार बंद झाले

आता पुन्हा आरंभीच्या कोड्याकडे येऊ. बंगालप्रमाणेच महाराष्ट्रातही जननदर झपाट्याने उतरला आहे. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात तो २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला. या काळात लग्नाचे वय वाढले, हे खरे. पण एवढी घसरण केवळ त्याने घडणे शक्य नव्हते. मुख्य बदल दुसऱ्या दाराशी झाला.

ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी १९७६ पासून मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. ज्या समाजात संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहते, तेथे अधिक अपत्ये असणे फायद्याचे असते. गुरे राखणारा, सरपण आणणारा मुलगा सातव्या-आठव्या वर्षीच आपला खर्च भरून काढू लागतो. शाळा आली, पुढे शिकवणी आणि इंग्रजी माध्यमाची फी आली, की प्रवाह उलटा फिरतो. त्यातच जमिनीचे तुकडे होत गेले. दोन एकर तीन भावांत वाटण्याचा अनुभव असलेला बाप स्वतः तीन मुलगे मागत नाही. बालमृत्यू घटल्याने ‘एखादे तरी जगेल’ ही भीतीही उरली नाही.

प्रथेचा वाटा येथेही आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांच्या रचनेचे प्रादेशिक विभाग दाखवले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते. दक्षिणेत ती नात्यात, जवळपास राहते. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. येथे मामाच्या मुलीशी लग्न चालते. टिम डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ साली हाच धागा पुढे नेऊन असे प्रतिपादन केले, की माहेर जवळ असलेल्या स्त्रीला घरात अधिक वाव मिळतो आणि तेथे जननदर कमी राहतो. हे मत विचारार्ह आहे. पण दक्षिणेतील नातेसंबंधांची रीत शतकानुशतके तशीच होती आणि जननदर उतरला तो गेल्या काही दशकांत. प्रथेने वाट सुकर केली असेल. त्या वाटेने चालण्याची निकड मात्र अर्थस्थितीने निर्माण केली.

दार बंद करण्याचे साधन कोणते होते, हेही पाहावे लागते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते स्त्रीला स्वतःच्या इच्छेने अपत्यांत अंतर राखता यावे म्हणून. शासकीय कार्यक्रमाचा भर मात्र कायमच्या शस्त्रक्रियेवर राहिला. १९७६ साली तर महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. आज राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्काही नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न, लगोलग दोन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आत-बाहेर शस्त्रक्रिया, असा क्रम असंख्य घरांत दिसतो. इंग्लंडमधील स्त्री ज्या वयात संसाराला आरंभ करीत असे, त्या वयात आपल्याकडील स्त्रीचे मातृत्व पूर्ण झालेले असते. दोन्हींच्या जननदराची तुलना करताना हा क्रम आकड्यात कोठेच दिसत नाही. १.७ हा आकडा उशिरा लग्न करून नोकरी करणाऱ्या पुण्यातील स्त्रीलाही सामावून घेतो आणि विसाव्या वर्षी दोन मुलांची आई झालेल्या फडावरच्या स्त्रीलाही.

अपत्ये कमी हवीत, पण त्यांत मुलगा हवाच, या आग्रहाचा परिणाम त्याच जिल्ह्यांत उमटला. २०११ साली सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ होती, बीडमध्ये ८०७. त्या वेळची ही बालके आता लग्नाच्या वयाला पोहोचत आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलाला स्थळ मिळेनासे झाले आहे, ही गोष्ट गावोगावच्या वधूवर मेळाव्यांत कोणालाही दिसू शकते. जेथे अपत्यजन्म विवाहातच होतो असा संकेत आहे, तेथे लग्न न जमणे म्हणजे अपत्य न होणे. जपानमध्ये विवाहाबाहेरील जन्म दोन टक्क्यांच्या आसपास असल्याने लग्ने घटताच जननदर घसरत गेला. आपल्याकडे दुसरे दार बंद झालेलेच आहे. आता पहिल्या दाराशीही पुरुषांची रांग लागू लागली आहे.

क्षेत्रकार्य

आपल्या कुटुंबातील किंवा परिचयातील तीन पिढ्यांमधील स्त्रियांशी बोलून पुढील माहिती मिळवा : लग्नाचे वय, पहिल्या व शेवटच्या अपत्याच्या वेळचे वय, त्या वेळी घराचे उत्पन्न कशावर चालत होते आणि देण्याघेण्याचा व्यवहार कोणत्या दिशेने झाला. मूल थांबवण्याचा निर्णय झाला असल्यास तो कोणी घेतला, हेही विचारा. हा प्रश्न शेवटी आणि एकांतात विचारावा. उत्तर द्यावयाचे नसेल, तर आग्रह धरू नये. वहीत तेवढी जागा मोकळी ठेवावी.